घंटा तीच, गाव निराळे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी सहज हो म्हणून बसले. मागाहून विषय विचारला, तर त्या म्हणाल्या, “युद्ध आणि संस्कृती.” मी जरा घाबरलेच. युद्ध म्हटले की तोफा, तह आणि सनावळ्या. तो प्रांत इतिहासकारांचा. आपल्यासारख्या संसारी बायकांनी त्यावर काय बोलावे? पण रात्री निजताना विचार करू लागले आणि ध्यानात आले की, या विषयातली एक वस्तू मी अगदी परकरी वयापासून पाहत आले आहे. ती वस्तू म्हणजे एक घंटा.

माझे माहेर वाईजवळचे. वाईहून कृष्णेच्या काठाने गेले की मेणवली लागते. तिथे नाना फडणविसांचा वाडा आहे, घाट आहे आणि मेणेश्वराचे देऊळ आहे. या देवळाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. आम्ही मुली घाटावर जात असू तेव्हा त्या घंटेवर हात फिरवीत असू. तिच्यावर एका स्त्रीची आकृती उठविलेली आहे आणि तिच्या कडेवर बाळ आहे. माझी आत्या सांगायची, “ही यशोदा हो, आणि तो बाळकृष्ण.” आम्हांला ते पटले होते. मूल कडेवर घेतलेली बाई यशोदेवाचून दुसरी कोण असणार?

पुढे शाळेत गेल्यावर कळले की घंटेवर सन 1707 असा आकडा आहे, ती वसईच्या स्वारीनंतर तिकडून आलेली आहे आणि ती बाई मेरी माता असून बाळ येशू आहे. आत्याला मी हे सांगितले तेव्हा ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “असेल. आई ती आईच.” मला वाटते, आज जे सांगावयाचे आहे ते सारे तिच्या त्या तीन शब्दांत येऊन गेले. तरी वेळ दिला आहे, तर थोडे विस्ताराने सांगते.

भगिनींनो, अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आपली उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्याचे जुने नाव साष्टी. सहासष्ट गावांचे, म्हणून षट्षष्टी, आणि त्याचे साष्टी. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याबरोबर हा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला. पुढे सुमारे दोनशे वर्षे त्यांचा अंमल येथे होता. त्या काळात जुन्या देवस्थानांवर घाला आला आणि उघडपणे सणवार करणे कठीण झाले. लोक गांजले. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक यांच्यासारख्या मंडळींनी पुण्याकडे गाऱ्हाणी नेली. 1737 साली मराठी फौजा साष्टीत उतरल्या, ठाणे घेतले, आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. हा पराक्रम आपण अभिमानाने सांगतो आणि तो सांगण्याजोगाच आहे. तहात अप्पांनी पोर्तुगीजांना बायकामुले व चीजवस्तू घेऊन सुखरूप जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मोकळीक ठेवली, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे.

पण त्याच विजयानंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा घाटावर आल्या. एक मेणवलीला आली. एक भीमाशंकराच्या देवळासमोर आहे. तिच्यावर 1729 हा सन आहे. एक नाशकात पंचवटीला नारोशंकराच्या देवळावर आहे. तिच्यावर 1721 आहे. गोदावरीला मोठा पूर आला की, “नारोशंकराच्या घंटेला पाणी लागले काय?” असे नाशिककर विचारतात. म्हणजे ती घंटा आता पुरती नाशकाची झाली. तिचा नाद गोड आहे आणि आपण तो भक्तीने ऐकतो. मीही कितीदा ऐकला आहे.

तरी एक प्रश्न मनात येतो. घंटा नाशकात वाजू लागली, तेव्हा वसईत काय झाले?

देवळाची किंवा चर्चची घंटा म्हणजे नुसती धातूची वस्तू नव्हे. ती गावाचे घड्याळ असते. तिच्या ठोक्यावर चूल पेटते, गुरे सुटतात, दिवे लागतात. कुणी गेले तर ती वाजते, कुणाचे लग्न झाले तरी ती वाजते. ज्या बाईने चाळीस वर्षे संध्याकाळच्या घंटेबरोबर हात जोडले, तिला घंटा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली हे कसे कळले असेल? जिंकणाऱ्याच्या घरी जो आनंदाचा नाद झाला, तोच हरणाऱ्याच्या घरी मुकेपणा झाला. घंटा तीच, गाव निराळे.

मी हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. त्याआधी आपल्या बाजूला काय झाले होते, त्याचा पुरावा आपल्याच दाराशी उभा आहे. आपल्यापैकी बहुतेकजणी महाशिवरात्रीला मंडपेश्वराला जातात. आय. सी. कॉलनीतून पुढे गेले की ती लेणी लागतात. हजार-बाराशे वर्षांहून जुने असे हे शिवाचे स्थान. सोळाव्या शतकाच्या मध्यास आंतोनियु द पोर्तु या फ्रान्सिस्कन पाद्रीने या लेण्याचे चर्च केले आणि वरच्या अंगास मठ व विद्यालय उभारले. मूर्तींपुढे भिंती आल्या. नाचणाऱ्या शिवासमोर लावलेला दिवा विझला. 1739 नंतर फासा उलटला. पाद्री गेले आणि ते चर्च कालांतराने ओसाड पडले. आज तिथे गेलात तर खाली पिंडीवर बेल वाहिलेला दिसतो, एका भिंतीवर जुने शिल्प तासून कोरलेला क्रूस दिसतो आणि वर चर्चच्या पडक्या भिंती दिसतात. एकाच खडकावर दोन समाजांच्या जखमा आहेत. एरवी आपण नारळ फोडून, प्रदक्षिणा घालून परत येतो. यंदा जाल तेव्हा त्या क्रूसासमोर आणि त्या पडक्या भिंतींसमोर घटकाभर उभ्या राहा, एवढेच माझे सांगणे आहे.

शिल्प फुटले तर त्याचे तुकडे तरी राहतात. पण काही गोष्टी अशा जातात की काय गेले हेही कळत नाही. आपल्या मुंबईसमोरचे घारापुरी पाहा. पोर्तुगीजांनी तिथला दगडी हत्ती पाहून बेटाला एलिफंटा म्हटले आणि आपल्या मुलांच्या तोंडीही आज तेच नाव आहे. तेथील लेण्याच्या दारी एक शिलालेख होता. तो कुणाला वाचता येईना, म्हणून काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविला, असे त्यांच्याच इतिहासकाराने, दियोगु द कोउतु याने, लिहून ठेवले आहे. तो दगड पुढे नाहीसा झाला. त्रिमूर्तीसारखे शिल्प कोणी कोरविले, कोणत्या साली, कोणत्या राजाच्या किंवा राणीच्या इच्छेने, हे सांगणारी ओळ त्याच्यावर असेल. आज विद्वान तर्क करतात. एक दगड हरवला आणि एवढ्या मोठ्या कामामागचे नाव हरवले.

युद्धात आणि परक्या अंमलात देवालासुद्धा घर सोडावे लागते. आपल्यापैकी ज्यांचे कुलदैवत गोव्याला आहे त्यांना हे सांगावयास नको. मंगेश मूळचा कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. 1560 च्या सुमारास भक्तांनी त्याला नदीपलीकडे प्रियोळला नेले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला गेली. म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला गेली. इकडे आपल्या ठाणे जिल्ह्यातली वज्रेश्वरी गुंज गावची. तिचे तिथले देऊळ पोर्तुगीजांनी मोडल्यावर ती वडवलीला आली, आणि चिमाजी अप्पांनी वसई मिळाल्यास देऊळ बांधीन असा नवस केला, तो पुढे फेडला गेला. देव वाचला, हे खरे. पण मूळ गावच्या पालखीची वाट, रथ थांबण्याचे झाड, पहिली ओटी कोणत्या घरची, हे सारे देवाबरोबर होडीत चढते काय? नव्या गावी नवे मानकरी येतात आणि नवी वाट पडते. जुनी वाट आठवणारी शेवटची म्हातारी गेली की तीही मिटते.

येथे एक फरक सांगते. आपल्या अंधेरीला सीप्झच्या आवारात सेंट जॉन बाप्टिस्ट चर्चचे अवशेष आहेत. 1579 सालची ती वास्तू. ती युद्धाने नव्हे, तर 1840 च्या साथीच्या रोगामुळे सोडावी लागली. लोक उठले आणि जवळच मरोळला गेले, पण जाताना आपले सामानसुमान, मूर्ती आणि रीतभात बरोबर घेऊन गेले. इमारत ओस पडली, परंपरा तुटली नाही. का? तर लोक एकत्र गेले आणि आपल्या पायांनी गेले. युद्धात माणसे अशी जात नाहीत. ती विखुरतात. शिकविणारा एकीकडे जातो, शिकणारा दुसरीकडे. आणि त्याहून वाईट म्हणजे, मागे राहिलेल्यांच्या मनात एकमेकांविषयी किंतु राहतो. भिंत पुन्हा बांधता येते, किंतु काढणे अवघड.

आता तुम्ही विचाराल, मग राहिले तरी काय? भगिनींनो, पुष्कळ राहिले, आणि ते बायकांच्या तोंडी राहिले. आपल्या शेजारी गावठाणात राहणारा ईस्ट इंडियन समाज पाहा. हे नाव त्यांनी 1887 साली घेतले. माणसे मात्र या मातीतलीच. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज अंमलात त्यांचा धर्म बदलला, नावे बदलली, पण घरातली भाषा बदलली नाही. ती मराठीच राहिली. थोरल्या बायकांचे लुगडे राहिले. नवे भात आले की शेतातली कणसे चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यावयाचा, हा आगेरा राहिला. वांद्र्याच्या डोंगरावरची मेरी माता त्यांची मोत माउली राहिली. वसईकडच्या ख्रिस्ती समाजातूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले आणि 2020 साली उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्या भाषेत आईने अंगाई म्हटली ती भाषा कोणत्याही तहात लिहून देता आली नाही.

आणि आता मला एक गोष्ट कबूल करावयाची आहे. ती सांगावी की नाही, असा दोन दिवस विचार करीत होते.

काही वर्षांपूर्वी आपल्या मंडळाने पारंपरिक लग्नगीतांचा कार्यक्रम केला होता. तेव्हा मी चिटणीस होते. एका सभासद भगिनीने सुचविले की, गावठाणातल्या एक ख्रिस्ती आजी जुनी गाणी फार छान म्हणतात, त्यांना बोलवावे. मी म्हटले, “आपला कार्यक्रम मराठी गाण्यांचा आहे ना?” बस, एवढेच म्हटले. आवाज चढविला नाही, वाद केला नाही. पण ते नाव यादीत आले नाही. आपल्यापैकी कुणी माझ्या बोलण्याला हरकत घेतली नाही, म्हणजे तेव्हा ते कुणालाच वावगे वाटले नसावे.

पुढे बाजारात त्या आजींची आणि माझी ओळख झाली. एकाच भाजीवालीकडे आम्ही दोघी जात असू. एकदा माहेरचे फोटो मोबाइलवर दाखविताना मेणवलीची घंटा निघाली. आजींनी चष्मा वर केला, फोटो डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाल्या, “ही तर आमची माउली! तुमच्या गावाला कशी आली?” मला काय उत्तर द्यावे हे सुचेना. मी म्हटले, “आजी, लढाईत आली.” त्या म्हणाल्या, “आली तर आली. नीट ठेवलीय ना?” मी म्हटले, “हो, नीट ठेवलीय.” त्या हसल्या आणि मेथीची जुडी निवडू लागल्या.

त्यांच्या नातवाच्या लग्नाला मी गेले. लग्नाआधी त्यांच्याकडे ‘उंबराचे पाणी’ आणतात. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात आणि त्या पाण्याने नवरानवरीला न्हाऊ घालतात. त्यांच्या गल्लीतली विहीर केव्हाच बुजली होती, म्हणून अंगणात नळाच्या पाण्याचे पिंप ठेवले होते. पण गाणे विहिरीचेच होते. आजी म्हणू लागल्या आणि मी ऐकतच राहिले. नवरीची आई, मांडव, हळद, दारचा उंबर, सासरी जाणारी वाट. सगळे आपल्या हळदीच्या गाण्यातले. आपल्या देवकातही उंबराची डहाळी असते, हे मला त्या पिंपापाशी उभी असताना आठवले. आणि माझे जुने वाक्यही आठवले, “आपला कार्यक्रम मराठी गाण्यांचा आहे ना?”

मी त्यांना म्हटले, “आजी, दिवाळी झाली की वही घेऊन येते. सगळी गाणी लिहून घेऊ.” त्या म्हणाल्या, “ये की. पण लवकर ये.” दिवाळी झाली. पाहुणे आले, मुलीच्या परीक्षा आल्या, गुडघा दुखू लागला. आणि एके दिवशी भाजीवालीने सांगितले की, आजी गेल्या.

भगिनींनो, वसईची लढाई संपून पावणेतीनशे वर्षांवर काळ लोटला. तोफा गंजल्या. पण त्या आजींची गाणी कुणी घालविली? पोर्तुगीजांनी नव्हे, पेशव्यांनी नव्हे. त्या लढाईचा किंतु माझ्या मनात कुठेतरी शिल्लक होता, त्याने ती आधी बाहेर ठेविली, आणि मग माझ्या आळसाने ती घालविली. युद्ध संस्कृती मोडते ते तोफेने मोडते तेवढेच नाही. तोफ थंड झाल्यावर आपले आणि त्यांचे असे जे दोन ढीग घरोघर राहतात, त्यांनीही मोडते.

आजही जगात हे चालू आहे. बोस्नियातील मोस्तार गावचा चारशे वर्षांचा पूल 1993 साली तोफा डागून नदीत पाडला. 2004 साली तो पुन्हा तसाच बांधला. दगड जागेवर आले, पण दोन्ही काठांची माणसे पूर्वीसारखी मोकळी व्हावयास किती वर्षे लागतील, कोण सांगणार? दुसऱ्या महायुद्धातील नासधूस पाहून 1954 साली हेग येथे राष्ट्रांनी करार केला की, युद्धातही देवळे, ग्रंथालये, संग्रहालये सुरक्षित ठेवावीत. आपला भारत त्या करारात सामील आहे. करार चांगला आहे, पण तो इमारतींचे रक्षण करील, गाण्यांचे कोण करील? आफ्रिकेतील टिंबक्टू शहरात 2012 साली हल्लेखोर आले तेव्हा तेथील लोकांनी हजारो जुनी हस्तलिखिते पत्र्याच्या ट्रंकांत भरून, गुपचूप, थोडीथोडी करून बाहेर काढली. ट्रंका, भगिनींनो! जशा आपल्या माळ्यावर असतात तशा. वारसा वाचविण्यास दरवेळी मोठी संस्था लागते असे नाही. ट्रंक, वही आणि वेळेवर जाग लागते.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण पाककृतींची आणि रांगोळीची स्पर्धा घेतो, त्या जरूर घ्याव्यात. पण यंदा एक जाड वही विकत घ्यावी आणि तिच्यात प्रत्येक सभासदाने तीन गोष्टी लिहाव्यात. एक, आपल्या सासूचे किंवा आईचे एखादे गाणे, ओवी किंवा घरची रीत. गाव, प्रसंग आणि सांगणारीचे नाव यांसह. दुसरी, शेजारच्या अशा एका घरातली, जे घर आपल्या जातीचे, धर्माचे किंवा प्रांताचे नाही. आणि तिसरी, आपल्याकडे पूर्वी होती पण आता बंद पडली अशी एक रीत, आणि ती का बंद पडली ते. चूक झाली तरी चालेल, अक्षर वाईट असले तरी चालेल. “नंतर लिहू” मात्र चालणार नाही. नंतर म्हणजे काय, ते मी आत्ता सांगितलेच आहे.

आजींच्या सूनबाई आज आपल्या सभेस आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत. मी बोलावले म्हणून आल्या. त्यांना त्या गाण्यांपैकी चार येतात, बाकीची येत नाहीत. त्या चार गाण्यांनी वहीची सुरुवात करावी, अशी माझी विनंती आहे. पहिले पान मी रिकामे ठेवून आणले आहे.

आणि आपल्यापैकी कुणी वाईकडे गेलात तर मेणवलीला अवश्य जा. त्या घंटेवरच्या बाईला नमस्कार करा. तिला यशोदा म्हणा किंवा माउली म्हणा. आत्या सांगून गेली आहे, आई ती आईच. आणि आजींनी विचारले होते तेही मनात ठेवा, “नीट ठेवलीय ना?” घंटेपुरते मी हो म्हणू शकले. गाण्यांविषयी कुणी तसे विचारील, तेव्हा आपल्या मंडळालाही हो म्हणता यावे, एवढीच आजच्या दिवशी इच्छा.